सुभेदारांची दुसरी डिस्क

सुभेदारांची आठवण निघाली की मला आधी त्यांची खाली घातलेली मान दिसते. खरं तर हा त्यांच्यावर अन्याय आहे. कराडात माझ्या दुकानाला लागून त्यांचं दुकान होतं आणि आमच्या शेजाराच्या बहुतेक वर्षांत त्यांची मान ताठच होती. इतकी ताठ, की कॉलरला घालतात तसं बक्रम मानेत घालून घेतलंय का, असं मी त्यांना चिडवायची. पण शेवटच्या काही महिन्यांतली मान आधीच्या सगळ्या वर्षांवर पसरून बसली आहे, त्याला मी काय करणार.

माझं दुकान ब्लाउज आणि फॉल-पिकोचं, त्यांचं लाउडस्पीकरचं. पाटीवर नुसतंच 'साउंड' लिहिलेलं होतं, कारण पेंटरनं अक्षरं एवढी मोठी काढली की मालकाच्या नावाला जागाच उरली नाही. नाव गणपत. सैन्यात सिग्नलमध्ये होते आणि हवालदार म्हणून घरी आले. बढती कराडच्या लोकांनी दिली. सुरुवातीला ते प्रत्येकाला थांबवून "हवालदार, हवालदार" अशी दुरुस्ती करत. लोक ऐकेनात, तेव्हा त्यांनी नाद सोडला. मला ते वैनी म्हणत, मी त्यांना सुभेदार म्हणायची, आणि मधली भिंत इतकी पातळ होती की माझ्या मशीनचा धागा तुटला तरी पलीकडून "काय झालं वो?" अशी हाक यायची.

त्यांच्याकडं कामाला येणाऱ्या गड्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. वायर गुंडाळताना पीळ पडला तर सगळं भेंडोळं सोडून पुन्हा गुंडाळायला लावत. कर्णे उतरवले की फडक्यानं पुसून, तोंड भिंतीकडं करून ठेवायचे. स्वतः लग्नात माइकपाशी उभे राहिले की त्यांच्यातला सिग्नलवाला जागा व्हायचा. "वऱ्हाडी मंडळींनी भोजनास यावं. पहिली पंगत बसली हाय. ओव्हर." हे 'ओव्हर' त्यांच्या तोंडून सुटता सुटलं नाही. एका वधूपित्यानं त्याचा अर्थ पंगत संपली असा घेतला आणि भुकेल्या व्याह्यांना परत बसवून ठेवलं, तेव्हा मोठीच पंचाईत झाली होती. त्यावर सुभेदारांचं म्हणणं एवढंच, की बोलणं संपलं हे सांगितल्याशिवाय संपवायचं नसतं.

आणि त्यांचा एक नियम होता. गाण्याच्या कॅसेटा भिंतीवरच्या फळ्यांवर असत, पण मयताच्या घरी, दहाव्या-तेराव्याला लावायची भजनं मात्र वेगळ्या काळ्या ट्रंकेत. ही ट्रंक लग्नाच्या टेम्पोत कधी चढली नाही. इतकंच काय, ज्या दिवशी लग्नाचं काम असेल त्या दिवशी ते तिला हातही लावत नसत. लग्नाच्या मांडवात मयताचा सूर जाऊ नये, एवढंच त्यांचं कारण. एकदा भर लग्नसराईत आमच्याच गल्लीतले एक आजोबा गेले आणि घरची माणसं भजनाच्या कॅसेटा मागायला आली. सुभेदार टेम्पो भरत होते. ते धावत माझ्याकडं आले आणि म्हणाले, आज तुमच्याकडं काही लग्नाचं काम नसेल तर ट्रंक तुम्ही उघडून द्या. माझ्या मशीनखाली नवरीचा शालूवरचा ब्लाउज होता. तो दाखवल्यावर ते इतके हवालदिल झाले की शेवटी समोरच्या चहावाल्याला बोलावून ट्रंक उघडवली. चहावाल्यानं कॅसेटा दिल्या आणि जाऊन हात धुतले. मला हसू आवरेना. सुभेदार मात्र दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं तशी त्यांनी काँप्युटर घेतला. तेव्हा आमच्या रस्त्यावर तो कुणाकडंच नव्हता. सगळ्या कॅसेटा एकेक करून त्यात उतरवायच्या आणि लग्नात एक बटण दाबून पाहिजे ते गाणं काढायचं, असा बेत. टीव्हीएवढा त्याचा तो पडदा लग्नाला न्यायचा म्हणजे बाळंतिणीला न्यावं तशी तयारी. आधी गोधडी, मग पडदा, वरून दुसरी गोधडी, आणि टेम्पोत त्याला कवेत धरून बसलेले सुभेदार. खड्डा आला की ड्रायव्हरला शिव्या. घरची मंडळी म्हणत असतील तेवढं खरं, पण माझ्या मते त्यांनी त्या यंत्राचे जेवढे लाड केले तेवढे नातवंडांचे केले नाहीत.

त्या काँप्युटरनं पहिला दणका लवकरच दिला. सुभेदारांना सवयीप्रमाणं सगळं शिस्तीत हवं होतं. हळदीची गाणी एका खोलीत, वरातीची दुसऱ्या, आरत्या तिसऱ्या, अशा काँप्युटरातल्या खोल्या करून त्यांनी गाणी नीट लावून टाकली आणि समाधानानं यादी उघडली, तर एकही गाणं वाजेना. नावं सगळी दिसतायत, आवाज नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं पुसलं गेलं असं त्यांना वाटलं. मग यंत्र जुळवून देणारा माणूस आला आणि त्यानं समजावलं, की गाणी आहेत तिथंच आहेत, यादीत फक्त त्यांचा जुना पत्ता आहे. सुभेदारांना ते लगेच पटलं. मला येऊन म्हणाले, "म्हंजी वैनी, पोष्टमन हाय, घर हाय, पर माणसानं बिऱ्हाड बदललंय."

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून हजेरी चालू होती. यादीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचायचे, ते गाणं कुठल्या खोलीत गेलं ते शोधायचे, नवा पत्ता भरायचे आणि "हजर" म्हणायचे. नाहीच सापडलं तर "गैरहजर". मी इकडं काज करत बसलेली असे आणि गैरहजर ऐकलं की माझाही हात थांबायचा. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी दारात येऊन सगळे हजर असल्याचं मला कळवलं आणि पेढा दिला. त्या दिवशी ती मान पाहण्यासारखी होती.

अनसाबाई त्यांच्याकडं आल्या त्या माझ्यामुळं. कराडजवळच्या एका गावच्या, ऊस असलेल्या घरातल्या. शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या, पण मंगलाष्टका रचायच्या. पंचक्रोशीत कुणाचं लग्न असलं की आठ दिवस आधी त्यांच्याकडं निरोप जायचा आणि त्या मुलीचं माहेर, मामा, सासर सगळं गुंफून चार कडवी करायच्या आणि मांडवात स्वतः म्हणायच्या. आवाज जाड, पण मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा. त्यांना पोटाचं दुखणं झालं. डॉक्टरांनी घरच्यांना काय ते सांगून टाकलं होतं आणि घरच्यांनी लपवलेलं अनसाबाईंना कळलं होतं. माझ्याकडं त्या ब्लाउज आत घ्यायला आल्या. अंगावरचे सगळेच ढगळे झाले होते. माप घेताना म्हणाल्या, मनीषाचं लग्न मला बघायला मिळणार नाही, पण तिचं मंगलाष्टक मी म्हणून ठेवलं तर ते राहील का कशात? मनीषा त्यांची एकुलती एक. तेव्हा कॉलेजात होती, स्थळं बघायलाही सुरुवात नव्हती.

मी त्यांना शेजारी नेलं. सुभेदारांनी खुर्ची पुसून दिली, पंखा बंद केला आणि मला माझं मशीन थांबवायला सांगितलं. मी हात मांडीवर ठेवून माझ्या दुकानात बसून राहिले. भिंतीतून सूर येत होता, शब्द कळत नव्हते. कॅसेटवर घेऊ का असं त्यांनी एकदा विचारलं होतं, पण मग स्वतःच म्हणाले की कॅसेट झिजते, फीत अडकते, त्यापेक्षा माइक सरळ काँप्युटरला लावतो. नव्या यंत्राचा तोराच होता तो. अनसाबाईंनी त्या खोक्याकडं संशयानं पाहिलं आणि पोरीच्या लग्नापर्यंत राहील ना, असं पुन्हा विचारलं.

सुभेदार म्हणाले, "पोरीच्या काय, तिच्या पोरीच्या लग्नापत्तुर राहील. हे कुठं जात न्हाई, वैनी."

त्यानंतर त्या आणखी काही वेळा आल्या. भजनं म्हणून गेल्या, जात्यावरच्या ओव्या म्हणून गेल्या. सुभेदारांनी त्यांच्या नावाची वेगळी खोलीच काँप्युटरात केली होती. पावसाळा संपता संपता अनसाबाई गेल्या.

तेराव्याला त्यांच्या घरच्यांनी सुभेदारांना बोलावलं आणि त्यांचीच भजनं लावायला सांगितली. तोवर काळ्या ट्रंकेची जागा दुसऱ्या डिस्कनं घेतली होती. काँप्युटरच्या पोटात गाणी साठवायची जी डबी असते तशी आणखी एक, फक्त मयताच्या गाण्यांसाठी. नियम तोच. लग्नाचं काम असलं की आदल्या दिवशी खोक्याचा पत्रा उघडून ही दुसरी डिस्क बाहेर काढायची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दुकानात ठेवायची आणि मगच काँप्युटर टेम्पोत चढवायचा. जुळवून देणाऱ्यानं डोक्याला हात लावला होता. यंत्राला काय कळतंय, असं तो म्हणाला. यंत्राला नसेल कळत, आपल्याला कळतं, असं सुभेदारांचं उत्तर. तर तेराव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी अनसाबाईंची अख्खी खोली उचलली आणि त्या दुसऱ्या डिस्कवर नेली. गेलेल्या बाईचा आवाज हळदी-वरातीच्या गाण्यांत राहू नये, असं त्यांच्या मनात आलं. भजनं काय, ओव्या काय, सगळंच तिकडं गेलं. त्यात काय काय आहे ते त्यांनी उघडून पाहिलं नाही. मला हे नंतर त्यांनीच सांगितलं.

मनीषाचं लग्न पुढच्याच वर्षी ठरलं. आई नसलेली पोर, घरच्यांनी घाई केली. मुलगा सांगलीचा, कारखान्यात नोकरीला, घर चांगलं. लग्न मुलाकडच्यांनी सांगलीच्या कार्यालयात धरलं होतं आणि तिथं सगळी सोय होती, तरी मनीषाचे वडील अडून बसले की साउंड आमच्या सुभेदारांचंच पाहिजे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शालूवरचा ब्लाउज शिवायला मनीषा माझ्याकडं आली तेव्हा मी तिला विचारलं, काय गं, नवऱ्याला पाहिलंस का नीट? ती हसली आणि म्हणाली, मला त्या दिवशी दुसरं काही नको, आईचा आवाज आला की झालं. आईनं माझ्यासाठी काय रचलंय ते मी अजून ऐकलेलं नाही, मुद्दाम ऐकलेलं नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी सुभेदारांनी यादी केली. काँप्युटरला अनसाबाईंचं नाव सांगून शोधायला लावलं, त्यानं मंगलाष्टक शोधून दिलं, सुभेदारांनी ते यादीत बसवलं. मला हाक मारून बोलावलं आणि पहिली ओळ वाजवून दाखवली. अनसाबाईंचा तो जाड आवाज त्या लहानशा दुकानात आला. त्यांनी लगेच बंद केलं. म्हणाले, बाकीचं उद्या, पोरीच्या आधी आपण ऐकायचं नाही. मग यादीतलं प्रत्येक गाणं त्यांनी एकेकदा वाजवून पाहिलं. सगळे हजर. आणि मग नेहमीच्या शिस्तीप्रमाणं त्यांनी काँप्युटर बंद केला, पत्रा उघडला, दुसरी डिस्क काढली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. मी तिथंच उभी होते. दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

मीही सांगलीला गेले होते. कार्यालय भरलेलं होतं. मुहूर्त दुपारचा. अंतरपाट धरला, मनीषा हार घेऊन उभी राहिली, मागं मामा. भटजींना आधीच सांगून ठेवलं होतं, पहिलं मंगलाष्टक मुलीच्या आईचं. मनीषाच्या वडिलांनी हात वर करून सुभेदारांना खूण केली. सुभेदारांनी बटण दाबलं.

यादीत नाव होतं, पत्त्यावर काही नव्हतं. असल्या वेळी तो काँप्युटर थांबत नाही, पुढच्या गाण्यावर उडी मारतो. पुढचं गाणं वरातीचं होतं. ढोल-ताशासकट ते एवढ्या जोरात सुटलं की हातात अक्षता घेतलेली माणसं दचकली, पोरं नाचायलाच लागली, आणि कुणीतरी हसलं. सुभेदारांनी वायरच उपटली. मग कार्यालयात जी शांतता झाली ती मला अजून सोसत नाही. मनीषा अंतरपाटाकडं बघत नव्हती. तिनं मान वळवून कर्ण्याकडं पाहिलं होतं आणि ती वाट बघत होती. सुभेदार पडद्यावर वाकून पुन्हा पुन्हा बटण दाबत होते, कपाळावरचा घाम पडद्यावर पडत होता. भटजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त टळतोय म्हटल्यावर त्यांनी स्वतः सुरुवात केली आणि लोकांच्या अक्षता पडायला लागल्या. मनीषानं पुन्हा समोर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा कोरा होता.

नंतर तिच्या वडिलांनी येऊन विचारलं. सुभेदार एवढंच म्हणाले, की खराब झालं वाटतं. पंगतीत त्यांचं वाढलेलं पान तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते आणि भिंतीपलीकडून अनसाबाईंचा आवाज आला. एकच ओळ, आणि बंद. मी धावत गेले. फळीवरचं पांढरं फडकं मोकळं पडलं होतं आणि सुभेदार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. "हितंच हुतं, वैनी," ते म्हणाले. "माझ्या हातानं काढून ठिवलं म्या."

इथपर्यंत मला त्यांची दया आली. पण त्यांनी पुढं जे केलं त्यानं माझा पारा चढला. त्यांनी ते मनीषाला सांगितलंच नाही. आज जातो, उद्या जातो, करत राहिले. मी विचारलं की म्हणायचे, मुहूर्त गेल्यावर ते गाणं नेऊन काय करू? लग्न एकदाच लागतं. आणि एकदा खरं कारण बोलले. तिच्या आईला मी मयताच्या गाण्यांत टाकलं होतं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? मी चांगलं फैलावर घेतलं त्यांना. म्हटलं, ती पोर सांगलीत बसून आईचा आवाज कायमचा गेला म्हणून रडत असेल आणि तुम्ही इथं स्वतःच्या लाजेला कुरवाळत बसलाय. त्यांनी ऐकून घेतलं. मान खाली ती तेव्हापासूनची.

त्यांचा स्वभावच पालटला. त्यांनी ते मंगलाष्टक कॅसेटवर उतरवलं आणि मग त्या कॅसेटच्या आणखी कॅसेटा केल्या. एक घरी देव्हाऱ्यापाशी, एक दुकानात, आणि एक मला आणून दिली. तुमच्याकडं राहू दे, माझा माझ्यावर भरवसा नाही, असं म्हणाले. मी ती बटणांच्या डब्यात ठेवली. ऐकली नाही, माझी नव्हतीच ती. लग्नाची कामं ते घेत होते, पण नवरीच्या बाजूला बघत नसत म्हणे. माइकवरचं 'ओव्हर' बंद झालं. गड्यांनी वायरीला पीळ घातला तरी बोलेनासे झाले. अशी कुणाची शिस्त गेलेली बघायला मला आवडलं असतं असं मी पूर्वी म्हणाले असते, पण प्रत्यक्षात ते बघवत नव्हतं.

दिवाळीला मनीषा माहेरी आली तेव्हा ते दुकान बंद करून गावी निघून गेले. संक्रांतीला आली तेव्हाही तेच. दोन्ही वेळा तिला सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते त्यांनीच सांगायला हवं होतं असं मला वाटत होतं, म्हणून मी गिळलं.

मग उन्हाळ्यात एका दुपारी ती पुन्हा माझ्याकडं आली. दिवस गेले होते, ब्लाउज सैल करून हवे होते. माप घेता घेता तिनं सहज विचारलं, शेजारचे काका आहेत का आज? मी काही बोलायच्या आत ती उठून त्यांच्या दारात गेलीसुद्धा. मी मागोमाग गेले. सुभेदार खुर्चीवरून उठले आणि अटेन्शनमध्ये उभे राहिले. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

"काका, आईचं ते खरंच पुसलं का?" मनीषा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुसलं असलं तर असू द्या. मला फक्त कळू द्या. सारखं वाटतं, कुठंतरी असंल."

सुभेदारांनी मान हलवली आणि आहे, एवढंच म्हणाले. मग ते वळले आणि त्यांनी ते लावलं.

अनसाबाईंनी मनीषाचं सगळं त्यात घातलं होतं. तिचा जन्म ऊस तोडणीच्या दिवसांतला, तिच्या मामाचं नाव, तिला लहानपणी चढलेला ताप, वडिलांच्या सायकलवरून शाळेला जाणं. मनीषा दारच्या चौकटीला धरून ऐकत होती. शेवटच्या कडव्यात मुलीचं नाव आलं, आणि पुढं आवाज थांबला. मला वाटलं पुन्हा बिघडलं. सुभेदारांचा हात पटकन पुढं आला, पण काही बिघडलं नव्हतं. अनसाबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी पुढचं उचललं आणि सावधान म्हणून संपवलं.

कुणी विचारायच्या आत सुभेदार म्हणाले, "तिथं जावयाचं नाव घ्यायचं, पोरी. अनसावैनी म्हणाल्या, कोण असंल ते मला ठावं न्हाई, मी जागा सोडते. भटजीला सांगा म्हणाल्या. आज ध्यानात आलं, बघ."

मनीषा म्हणाली, पुन्हा लावा. त्यांनी पुन्हा लावलं. ती जागा आली आणि अनसाबाई थांबल्या, तशी मनीषानं नवऱ्याचं नाव घेतलं. आमच्याकडच्या बायका चारचौघांत उखाण्याशिवाय ते घेत नाहीत, पण तिनं सरळ घेतलं, मोठ्यानं, हाक मारावी तसं. "दीपक." आणि आई पुढं म्हणायला लागली. मला रडू कोसळलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. मनीषा रडली नाही. संपल्यावर तिनं पदर खांद्यावरून घेतला आणि सुभेदारांच्या पाया पडायला वाकली.

सुभेदार मागं सरले. आणखी मागं, पाठ कर्ण्यांना टेकेपर्यंत. "पाया नको पडू," ते म्हणाले. "ऐक आधी. तुझ्या आईला म्या मयताच्या गाण्यांत ठिवलं हुतं. ती डिस्क लग्नात न्यायची न्हाई, असा माझाच नेम. म्हणून वाजलं न्हाई त्या दिशी. खराब-बिराब काय झालं नव्हतं."

मनीषा वाकलेली सरळ झाली.

"मग काय झालं, काका," ती म्हणाली. "गेलीच हुती की ती."

तिनं वाकून नमस्कार केला, दुकानातली कॅसेट घेतली, पदरात बांधली आणि एसटी चुकेल म्हणून निघाली. ब्लाउज माझ्याकडंच राहिले, ते पुढं मी सांगलीला नेऊन दिले. सुभेदार कर्ण्यांना टेकून तसेच उभे होते. मला वाटलं आता तरी मान वर होईल. म्हटलं, झालं ना मोकळं, उगाच एवढे महिने काढलेत.

"पोरीनं सोडलं वो मला," ते म्हणाले. "मी कसा सोडू?"

मी माझ्या दुकानात येऊन मनीषाचे ब्लाउज उसवायला घेतले.

त्याच आठवड्यात माझं बिऱ्हाड सांगलीला हललं. आमच्या यजमानांची बदली झाली होती. सामान भरलेल्या ट्रकमध्ये बसण्याआधी मी निरोप घ्यायला शेजारी गेले, तर सुभेदारांकडं दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं काम होतं. टेम्पो दारात लागला होता, पडद्याला गोधडी गुंडाळून झाली होती. ते काँप्युटरसमोर उकिडवे बसले होते, हातात पेचकस, समोर पत्र्याचे पेच. एक पेच त्यांनी काढला, दुसरा अर्धा फिरवला आणि थांबले. मग त्यांनी दोन्ही पेच पुन्हा बसवले, आवळले, आणि गड्याला म्हणाले की चढव. दुसरी डिस्क आत तशीच होती. मी तिथं उभी आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.

"कुणाला सांगू नका, वैनी," ते म्हणाले. आणि टेम्पोत मागं चढून त्यांनी काँप्युटरला दोन्ही हातांनी धरलं.